लाइटवाल्यालाही सम कळली पाहिजे

कडोदऱ्याच्या चार रस्त्यावर दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. एक मुंबई-अहमदाबादचा, दुसरा सुरतेहून बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर करत धुळ्याला जाणारा. सुरतेच्या लूमवर आणि प्रोसेसिंग मिलमध्ये कामाला आलेली खान्देशी माणसं बरीचशी या दुसऱ्या वाटेने किंवा तिच्या अंगाने धावणाऱ्या तापी व्हॅलीच्या रेल्वेने आली, आणि येताना आपली गाणी घेऊन आली. लिंबायत, उधना, पांडेसरा, दिंडोलीपासून इकडे कडोदरा-पलसाण्यापर्यंतच्या वस्त्यांत हळदीच्या रात्री, कानबाईच्या मिरवणुकीत, गणपतीत छोटे बँड वाजतात. एक कीबोर्ड, एक ऑक्टोपॅड, ढोल किंवा ढोलकी, कुठे बेंजो, आणि एक-दोन गायक. यांच्याजवळ गाण्यांची यादी असते, पण ती पाळली जात नाही. अहिराणी गाण्यावर नाच रंगला तर त्याचाच मुखडा दहा वेळा येतो. मध्येच कुणी गरबा मागतं, व्यारा-सोनगडकडचे पाहुणे असले की तिकडच्या आदिवासी नाचाची टिमली सुरू होते, मिलमधले बिहारी सोबती आले तर भोजपुरी. एका गाण्यातून दुसऱ्यात कधी शिरायचं, हे कीबोर्डवाला नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघून ठरवतो. शास्त्रीय गाणारे ज्याला उपज म्हणतात, ती इथे टेम्पोच्या फळीवर रोज होते. त्याच टेम्पोवर टांगलेला प्रकाश मात्र या उपजेपासून पूर्ण तुटलेला असतो. पाच-सहा एलईडी पार दिवे, दोन-चार शार्पी म्हणजे अरुंद झोताचे फिरते दिवे, एक स्मोक मशिन, सगळं साउंड मोडवर टाकलेलं, आणि ते लावून देणारा मुलगा जनरेटरपाशी मोबाइल बघत बसलेला. अशा बँडला आणखी दिव्यांची गरज नाही, दिवे हाताळणाऱ्या माणसाची आहे. आणि तो माणूस भाड्याच्या सामानाबरोबर आलेला हरकाम्या असून चालणार नाही, तो बँडचा साथीदार असला पाहिजे.

साउंड मोड काय करतो, ते आधी पाहू. स्वस्त पार लाइटमध्ये किंवा कंट्रोलरमध्ये एक छोटा माइक बसवलेला असतो. आवाजाचा, त्यातही खर्जाचा, धक्का बसला की तो रंग बदलतो किंवा पुढचा सीन लावतो. त्याला ढोल ऐकू येतो, ताल ऐकू येत नाही. कहरव्याच्या आठ मात्रांपैकी पहिली कोणती आणि पाचवी कोणती, याचा त्याला पत्ता नसतो. त्याच्या लेखी सगळे ठोके सारखे. गायकाने आवाज खाली आणून नुसत्या कीबोर्डच्या आधाराने कडवं धरलं, म्हणजे ज्या क्षणी ऐकणाऱ्याचा जीव गोळा होतो, त्याच क्षणी माइकला काही ऐकू येत नाही आणि दिवे जिथे असतील तिथे अडकून पडतात. उलट बाजूला फटाक्यांची माळ लागली तर दिवे तिच्यावर नाचतात. हा दोष स्वस्त मालाचा नाही. महागडं सॉफ्टवेअर लय मोजतं, ठोक्यांची गती पकडतं, पण तेही जे वाजून गेलं त्यावरून अंदाज बांधतं. पुढच्या आवर्तनात गायक मुखड्यावर परतणार आहे की ढोलकीला जागा देणार आहे, हे त्याने नुकत्याच केलेल्या मानेच्या हालचालीत असतं, आवाजात नसतं.

आता माणूस बसवला तर काय बदलतं? त्याने नुसतं ऐकून बटण दाबायचं ठरवलं, तर फारसं काही बदलत नाही. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत दोन ठोक्यांतलं अंतर अर्ध्या सेकंदाचं असतं. आवाज ऐकून बोट हलवायला माणसाला साधारण सेकंदाचा पाचवा ते सहावा हिस्सा लागतो. म्हणजे सम, आवर्तनाची पहिली मात्रा, ऐकून मग फेडर उचलणारा माणूस एक तृतीयांश मात्रा तरी उशिरा पोचणार, आणि एवढा उशीर डोळ्यांना खुपतो. जुन्या हजार वॅटच्या पारकॅनमध्ये तर तार तापून उजेड यायलाच वेळ जात असे, म्हणून जाणते ऑपरेटर कळ ठोक्याच्या आधीच दाबत. एलईडी तत्काळ लागतो, त्यामुळे दिव्याचा उशीर संपला, माणसाचा राहिला. त्यावर तोडगा एकच आहे, आणि तो तबलजींना शेकडो वर्षं माहीत आहे: सम ऐकायची नसते, मोजत मोजत तिच्यापर्यंत जायचं असतं.

इथेच पहिला आक्षेप येतो. जे आधी ठरलेलंच नाही त्याची वाट कशी बघायची? नाटकात संवाद ठरलेले असतात, म्हणून प्रकाशाचे बदल त्या त्या ओळीला बांधता येतात. बँडला कुठली संहिता? आक्षेप वजनदार वाटतो, पण त्यात उपज आणि गोंधळ यांची गल्लत आहे. उपजेत पुढे काय येईल ते ठरलेलं नसतं, पण ते कुठे येऊ शकेल हे बरंचसं ठरलेलं असतं. नवा अंतरा आवर्तनाच्या ठरलेल्या जागीच उघडतो, वाटेल त्या मात्रेवर नाही. ढोलकीवाल्याने तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा, सुरू केली की पहिल्या फेरीतच कळतं की तिसरी फेरी समेवर पडणार आहे. ऐकणाऱ्याला मिळालेली ती जाहीर सूचनाच असते. गाणं बदलण्याआधी कीबोर्डवाला नव्या गाण्याची पट्टी चाचपतो, गायक माइक तोंडापासून दूर नेतो, ऑक्टोपॅडवाला वर बघतो. ख्यालाला साथ करणाऱ्या तबलजीलाही गायक पुढची तान कुठे नेणार हे माहीत नसतं, तरी दोघे समेवर एकत्र येतात, आणि त्यात कुणाला चमत्कार वाटत नाही. आपल्या संगीत रंगभूमीवर तर १८८० मध्ये किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ आलं तेव्हापासून पदं गायली गेली, आणि पुढे वन्समोर मागण्याची अशी रीत पडली की पद किती वेळ चालेल हे गायक नटालाही सांगता येत नसे. ऑर्गन आणि तबला त्याच्यामागून जात. प्रकाश तेव्हा बहुतांशी स्थिर होता, बदलण्याची फारशी सोय नव्हती. आज सोय आली आहे, पण साथ करण्याची रीत तिच्यापर्यंत पोचलेली नाही.

मग तयारी कशाची करायची? गाण्यांची नाही, हाताशी ठेवायच्या वस्तूंची. दिवे आणि कंट्रोलर यांना जोडणारी डीएमएक्स-५१२ ही पद्धत १९८६ मध्ये ठरली. एका तारेवरून ५१२ चॅनेल चालतात. छोट्या बँडकडे जो साधा १९२ चॅनेलचा कंट्रोलर सापडतो, तो बारा दिव्यांना प्रत्येकी सोळा चॅनेल देतो, आणि त्याच्या प्रत्येक बँकेत आठ सीन साठवता येतात. बहुतेक ठिकाणी या बँका चमचमत्या साखळ्यांनी भरलेल्या असतात. त्याऐवजी एकच बँक नीट भरावी. गायकावर समोरून ऊबदार उजेड आणि बाकीचे मंद, हा एक सीन. ढोलकीवाला एकटा उजेडात, हा दुसरा. मागून निळा, पुढून जेमतेम, कडव्यासाठी. सगळे जण सारखे उजळलेले, मुखड्यासाठी. गरब्याचा एक, टिमलीचा एक, नाचणाऱ्यांवर प्रकाश टाकणारा एक. आठवं बटण मोकळं राहू द्यावं, रात्रीत काही सुचलं तर तिथे साठवायला. रंग, दिशा आणि तेज यांची अशी जुळणी बोटांखाली असली की गाणं कुठेही गेलं तरी माणूस आंधळा पडत नाही. परदेशातले ऑपरेटर नेमकं हेच करतात. त्यांच्या कन्सोलवर बटणं जास्त असतात, एवढाच फरक. आणि या आठांतलं सर्वात मोलाचं काम कोणतं, तर काहीही न दाबणं. चार मिनिटं रंग बदलला नाही तर तो बदलल्यावर काहीतरी घडल्यासारखं वाटतं. साउंड मोडमध्ये मिनिटाला शंभर वेळा काहीतरी घडतं, म्हणून काहीच घडत नाही.

हे नुसतं तत्त्वज्ञान नाही, याला पन्नास-साठ वर्षांचा पुरावा आहे. अमेरिकेतला ‘फिश’ हा चार वादकांचा बँड एकच गाणं एका रात्री पाच मिनिटांत आवरतो आणि दुसऱ्या रात्री वीस मिनिटं फुलवतो. त्याचे दिवे १९८९ पासून ख्रिस कुरोडा हाताने चालवतो. तो आधी याच बँडच्या गिटारवादकाकडे गिटार शिकत होता. म्हणजे दिव्यांकडे आला तो गाण्याच्या वाटेने. रसिक त्याला बँडचा पाचवा सदस्य म्हणतात. त्याच्याही आधी ‘ग्रेटफुल डेड’ या, यादी न ठरवता वाजवण्याबद्दल प्रसिद्ध असलेल्या बँडचे दिवे कँडेस ब्राइटमन यांनी सत्तरच्या दशकापासून तो बँड १९९५ मध्ये थांबेपर्यंत सांभाळले. यावर कुणी म्हणेल, त्यांच्याकडे पैसा होता, आपल्याकडे टेम्पो आहे. पण १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टमध्ये जोशुआ व्हाइट आणि त्याच्या सोबत्यांनी जे केलं, ते बघावं. ओव्हरहेड प्रोजेक्टरवर काचेच्या वाट्या, त्यांत रंगीत पाणी आणि तेल, आणि त्या वाट्या गाण्याच्या लयीत हलवणारे हात. मागच्या पडद्यावर रंग वाहत, वादकाने सूर लांबवला की हाताने वाटीही तिरकी धरलेली असे. तिथल्या जाहिरातींत बँडच्या नावांबरोबर या प्रकाशवाल्यांचंही नाव छापलं जाई. सामान शाळेच्या प्रयोगशाळेतलं, पण चालवणारी माणसं गाणं ऐकणारी. पैसा नंतर आला.

टेम्पोवरच्या दिव्यांचा आणखी एक दोष आहे, आणि माझ्या मते तो सर्वांत मोठा. ते दिवे बँडवर नसतातच, लोकांवर असतात. शार्पीचा अरुंद, टोकदार झोत गर्दीच्या डोक्यावरून फिरतो, वादक मागे काळोखात. बघणाऱ्याला झगमगाट दिसतो, वाजवणारे दिसत नाहीत. त्याहून वाईट म्हणजे वादकांना एकमेकांचे चेहरे दिसत नाहीत. उपज डोळ्यांच्या इशाऱ्यांवर चालते. एवढ्या मोठ्या आवाजात तोंडाने सांगून काही कळत नाही. गायकाने बोट वर केलं, म्हणजे अजून एक मुखडा, हे ढोलकीवाल्याला दिसलं नाही तर तो आपल्या सवयीच्या जागी थांबतो आणि चाल मोडते. आपण त्याला बँडची चूक म्हणतो. तेव्हा लाइटवाल्याचं पहिलं कर्तव्य लोकांना दिपवण्याचं नसून वादकांना एकमेकांसाठी उजेडात ठेवण्याचं आहे: दोन पार समोरून, दोन्ही बाजूंनी तिरके, डोळ्यांच्या थोडे वर, म्हणजे चेहरा दिसतो आणि वादकाचे डोळेही दिपत नाहीत. एवढं जमलं तरी अर्धं काम झालं.

झोत लोकांच्या डोळ्यांत मारण्याचे धोके तर आता सरकारदरबारी पोचले आहेत. लेझरने डोळ्याच्या पडद्याला इजा झाल्याच्या तक्रारी महाराष्ट्रातल्या नेत्रतज्ज्ञांनी मांडल्यावर २०२४ च्या गणेशोत्सवात पुणे पोलिसांनी मिरवणुकीतल्या लेझरवर बंदी घातली. स्ट्रोबचा धोका कमी बोलला जातो. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’च्या एका भागात लाल-निळा उजेड सेकंदाला सुमारे बारा वेळा लुकलुकला आणि सातशेच्या आसपास लोकांना, त्यांत बहुतेक मुलं, रुग्णालयात न्यावं लागलं. लुकलुकण्याने ज्यांना फिट येऊ शकते अशा माणसांसाठी सेकंदाला तीन ते तीस वेळांची लुकलुक धोक्याची मानली जाते. ब्रिटनमध्ये जाहीर कार्यक्रमांसाठी सेकंदाला चारच्या आत राहा असा सल्ला आहे. हळदीच्या मांडवात आजीच्या मांडीवर झोपलेलं लहान मूल असतं. कडोदऱ्यासारख्या ठिकाणी वरात महामार्गालगत निघते आणि समोरून ट्रक येत असतो, त्याच्या चालकाच्या काचेवर शार्पी पडला तर काय होईल याची कल्पना कुणीही करावी. यातलं काहीच साउंड मोडला कळत नाही. आवाजाला नियम आहेत, २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, रात्री दहाची मर्यादा सगळ्यांना पाठ आहे. वरातीतल्या झोताचं तसं नाही. बंदीचे आदेश सणापुरते निघतात आणि सणाबरोबर विसरले जातात. अशा वेळी तो झोत कुठे वळवायचा हे ठरवणारं शहाणं डोकं जागेवर असणं, एवढाच आधार उरतो.

आता दुसरा आक्षेप, जो बँडमालक हमखास घेतील: गिऱ्हाइकाला झगमगाटच हवा असतो. सुपारी देणारा विचारतो, शार्पी किती? खरं आहे. पण त्याच गिऱ्हाइकाला दुसऱ्या दिवशी काय हवं असतं? रील. मोबाइलच्या कॅमेऱ्यात झोत थेट भिंगावर आला की बाकी चित्र काळं पडतं, नवरदेवाची बहीण नाचते पण तिचा चेहरा दिसत नाही. स्वस्त एलईडी मंद केला की चित्रात पट्टे सरकतात. गर्द निळ्यात चेहरे मेलेले दिसतात. समोरून स्थिर, ऊबदार उजेड आणि मागून रंग, अशी साधी मांडणी त्याच मोबाइलमध्ये दुप्पट चांगली उतरते. गिऱ्हाइकाला शब्दांनी पटवण्यापेक्षा दोन मांडण्यांची दोन चित्रं दाखवावीत. खर्चाचं म्हणाल, तर चार शार्पींऐवजी दोनच भाड्याने आणल्या तर एका माणसाची रोजी त्यातून निघायला हरकत नसावी. आणि इथे एक कबूल करायला हवं: वरात चालत असताना, टेम्पो सरकत असताना, रस्त्यावरचे खड्डे आणि लोंबकळणाऱ्या तारा सांभाळताना बारीक साथ शक्य नसते. तिथे दिवे सरळ स्थिर ठेवावेत. स्थिर उजेडाने गाण्याचं काही बिघडत नाही. बिघडतं ते चुकीच्या वेळी उड्या मारणाऱ्या उजेडाने.

तिसरा आक्षेप वादकांचाच असतो, आणि तो बहुधा मनातल्या मनात राहतो: लाइटवाला काय कलावंत आहे का? ढोलकी शिकायला वर्षं जातात, फेडर कुणीही सरकवतो. यात उपहासापेक्षा अनुभव जास्त आहे, कारण त्यांनी पाहिलेला लाइटवाला खरोखर नुसता फेडर सरकवणारा होता. पण तो तसा राहिला याला आपली व्यवस्था जबाबदार आहे. महाराष्ट्राच्या राज्य नाट्य स्पर्धेत प्रकाशयोजनेला वेगळं पारितोषिक असतं, नाटकाच्या जाहिरातीत प्रकाशयोजनाकाराचं नाव छापलं जातं, त्यामुळे गावोगावची मुलं त्या कामाकडे अभिमानाने जातात. बँडच्या पाटीवर गायकाचं नाव, मालकाचं नाव, मोबाइल नंबर. लाइटवाला कुठेच नाही. ज्याला नाव नाही, तो आवर्तन मोजायला कशासाठी शिकेल? गोंधळात दिवटी धरणारा गोंधळाच्या बाहेरचा नसतो, संबळ आणि तुणतुण्याबरोबर तोही त्या विधीचा भाग असतो. उजेड धरणाऱ्याला मंडळीत बसवण्याची ही समज आपल्याकडे होती. ती मोडली भाड्याच्या सामानाच्या काळात, जेव्हा दिवे मांडववाल्याकडून येऊ लागले आणि त्यांच्याबरोबर आलेला मुलगा रोज वेगळ्या बँडसमोर उभा राहू लागला. दररोज नव्या गायकाला साथ करणाऱ्या तबलजीचीही हीच गत होईल.

आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत लग्नं नसतात. कानबाई, गणपती आणि नवरात्र सोडलं तर बँडला या काळात सवड असते, आणि नवी गाणी बसवायची ती याच दिवसांत. त्या तालमींना लाइटवाल्याला बोलवावं. सुरुवातीला त्याने दिवे लावूच नयेत. ढोलकीवाल्याच्या शेजारी बसून हाताने टाळी देत आवर्तनं मोजावीत, तिहाई ओळखायला शिकावं, कोणता गायक परतण्याआधी काय करतो ते टिपून ठेवावं. मग चार पार लावून, आठ बटणांत, यादी न ठरवता तासभर वाजणाऱ्या बँडला साथ करून बघावी, आणि कुठे उशीर झाला, कुठे घाई झाली, हे वादकांनीच त्याला सांगावं. लग्नसराई उघडली की सुपारी ठरवताना त्याची रोजी वादकांच्या हिशेबात धरावी, मांडववाल्याच्या बिलात नव्हे.